नकाशाने अडवलेली वकील: बार्बरा जॉर्डन अमेरिकन काँग्रेसमध्ये कशा पोचल्या

१९६२ साली ह्यूस्टनमधल्या एका सव्वीस वर्षांच्या वकील बाईंनी टेक्सस राज्याच्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूक लढवली. सुमारे ४६ हजार मतं मिळाली, तरी पडल्या. १९६४ मध्ये परत उभ्या राहिल्या, परत पडल्या. १९६६ मध्ये मात्र राज्याच्या सिनेटवर, म्हणजे वरिष्ठ सभागृहावर, दणक्यात निवडून आल्या. मधल्या काळात त्यांची वस्ती तीच होती, म्हणणं तेच होतं, पाठीशी उभे राहणारे लोकही तेच होते. बदलला होता तो मतदारसंघांचा नकाशा, आणि तो बदलायला लावला होता सुप्रीम कोर्टाने.

या बाई म्हणजे बार्बरा जॉर्डन. पुढे आठ वर्षांनी साऱ्या अमेरिकेने त्यांना टीव्हीवर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याविरुद्ध बोलताना ऐकलं, आणि आज त्यांचं नाव निघतं ते बहुधा त्या एका भाषणासाठी. भाषण मोठंच होतं, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण त्या सभागृहापर्यंत पोचायची वाट कशी होती आणि तिथे पोचल्यावर वकिलीचं शिक्षण नेमकं कुठे कामी आलं, ते समजून घेतल्याशिवाय भाषणाचं मोलही पुरतं कळत नाही. अमेरिकेच्या कायदेमंडळांत वकिलांचा भरणा पहिल्यापासून आहे. त्यातले बरेच जण वकिलीकडे राजकारणाची पायरी म्हणून बघतात. जॉर्डन शेवटपर्यंत वकीलच राहिल्या.

फिफ्थ वॉर्ड ते बॉस्टन

त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९३६ चा. ह्यूस्टनचा फिफ्थ वॉर्ड हा कृष्णवर्णीयांचा भाग. वडील बेंजामिन गोदामात कारकून होते आणि बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचन करायचे. तीन बहिणींत बार्बरा धाकटी. आईचे वडील भंगाराचा धंदा करायचे, आणि ही नात त्यांच्याबरोबर भंगार निवडायला असायची. कुणाच्या भरवशावर बसू नकोस, हे तिने त्यांच्याकडूनच घेतलं. शाळेत असताना एडिथ सॅम्पसन नावाच्या शिकागोच्या कृष्णवर्णीय वकील बाई मुलांशी बोलायला आल्या होत्या. त्या दिवसापासून बार्बराने वकील व्हायचं मनाशी पक्कं केलं.

कॉलेजचा प्रश्न आला तेव्हा मात्र रंग आडवा आला. ऑस्टिनचं टेक्सस विद्यापीठ तेव्हा गोऱ्यांचं होतं. तिथल्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश मिळावा म्हणून हेमन स्वेट या कृष्णवर्णीय तरुणाने १९४६ साली दावा लावला होता. त्याला प्रवेश द्यावा लागू नये म्हणून राज्य सरकारने घाईघाईने ह्यूस्टनमध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळं विद्यापीठच काढलं. तेच पुढे टेक्सस सदर्न युनिव्हर्सिटी झालं. १९५० साली सुप्रीम कोर्टाने स्वेटच्या बाजूने निकाल दिला, पण तो लॉ स्कूलपुरता. बार्बरा १९५२ साली शाळेतून बाहेर पडली तेव्हा पदवीच्या वर्गांसाठी भिंत तशीच उभी होती. त्यामुळे ती टेक्सस सदर्नमध्येच गेली.

तिथे तिला वादविवादाचे शिक्षक मिळाले, टॉम फ्रीमन. त्यांच्या संघाने हार्वर्डच्या संघाशी बरोबरी केली होती, आणि त्या संघात ती होती. १९५६ मध्ये पदवी घेऊन ती बॉस्टन विद्यापीठाच्या लॉ स्कूलला गेली. वर्गात कृष्णवर्णीय मुली दोनच. तिथे तिला पहिला धक्का बसला तो अभ्यासाचा. तोपर्यंत पाठांतर आणि वक्तृत्व यांवर सगळं निभावलं होतं, इथे प्रत्येक वाक्याला 'कशावरून?' असा प्रश्न यायचा. आपण सोळा वर्षांची विचार करण्यातली उणीव भरून काढतो आहोत, असं तिला वाटायचं. वेगळ्या शाळा समान असू शकत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये लिहिलं होतं. तिने ते रात्री जागून अनुभवलं.

१९५९ मध्ये कायद्याची पदवी मिळाली. एक वर्ष अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत शिकवून जॉर्डन ह्यूस्टनला परत आल्या. पहिलं ऑफिस म्हणजे आईवडिलांच्या घरातलं जेवणाचं टेबल. त्याच वर्षी, १९६० मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या केनेडी आणि जॉन्सन यांच्या प्रचारकार्यालयात त्या पाकिटं बंद करायला जाऊ लागल्या. एका संध्याकाळी चर्चमध्ये ठरलेला वक्ता आला नाही, म्हणून यांना उभं केलं. त्यानंतर पाकिटं बंद करायचं काम त्यांना कोणी दिलं नाही.

एक माणूस, एक मत

आता त्या दोन पराभवांकडे येऊ. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे तिला टेक्ससच्या कनिष्ठ सभागृहात बऱ्याच जागा होत्या. पण प्रत्येक जागेसाठी मतदान अख्ख्या काउंटीने करायचं. धारावीचा आमदारही साऱ्या मुंबईने निवडायचा आणि मलबार हिलचाही, असं समजा. काउंटीत कृष्णवर्णीय साधारण पाचात एक. फिफ्थ वॉर्डातली एकूण एक मतं जॉर्डनना पडली तरी गोऱ्या उपनगरांची बेरीज त्याहून मोठी व्हायची. कुणालाही मतदानापासून रोखायची गरजच नव्हती, मोजणीची पद्धतच पुरेशी होती.

सिनेटची गोष्ट आणखी टोकाची. टेक्ससच्या १८७६ च्या राज्यघटनेत अट होती की कुठल्याही काउंटीला एकाहून जास्त सिनेटर मिळणार नाही. सिनेटच्या जागा ३१. १९६० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ९५ लाखांच्या वर, म्हणजे सरासरी तीन लाख माणसांमागे एक सिनेटर. हॅरिस काउंटीत माणसं १२ लाख ४३ हजार, आणि सिनेटर एकच. शेतीवाडीच्या विरळ भागातल्या एका मताचं वजन शहरातल्या मताच्या कितीतरी पट भरत होतं. टेक्ससच नव्हे, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत थोड्याफार फरकाने हेच चाललं होतं. शहरं वाढत होती, पण जागा वाटणारे लोक जुन्या वाटणीवरच निवडून आलेले असल्यामुळे ती बदलायला कोणी तयार नव्हतं.

कोर्टाची भूमिका बरीच वर्षं अशी होती की हा राजकारणाचा प्रश्न आहे, आम्ही त्यात पडणार नाही. १९६२ मध्ये टेनेसी राज्याच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती भूमिका सोडली. आणि १५ जून १९६४ ला अलाबामाच्या रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स या खटल्यात स्पष्ट सांगितलं की राज्याच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येच्या हिशेबाने जवळजवळ सारखेच असले पाहिजेत. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालात लिहिलं की लोकप्रतिनिधी माणसांचं प्रतिनिधित्व करतात, झाडांचं किंवा एकरांचं नाही.

त्या वाक्यानंतर टेक्ससच्या राज्यघटनेतली ती अट टिकणं शक्यच नव्हतं. १९६५ मध्ये नवा नकाशा आला. हॅरिस काउंटीला सिनेटचे जादा मतदारसंघ मिळाले आणि त्यांतल्या अकराव्या क्रमांकाच्या मतदारसंघात फिफ्थ वॉर्ड होता. जोडीला आणखी एक अडसर दूर झाला. टेक्ससमध्ये मत द्यायचं तर आधी दीड-पावणेदोन डॉलर कर भरावा लागायचा. गरिबाच्या घरात हे पैसे बाजूला काढणं सोपं नव्हतं. केंद्रीय निवडणुकांसाठी हा मतकर १९६४ च्या २४ व्या घटनादुरुस्तीने गेला होता, राज्याच्या निवडणुकांसाठी तो १९६६ मध्ये कोर्टांनी रद्द केला.

या अनुकूलतेत जॉर्डन उभ्या राहिल्या आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, चार्ल्स व्हिटफील्ड या मुरलेल्या गोऱ्या आमदाराला त्यांनी मोठ्या फरकाने हरवलं. तेव्हाच्या टेक्ससमध्ये प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यातच जमा असायची. १८८३ नंतर टेक्ससच्या सिनेटमध्ये बसणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. कृष्णवर्णीय स्त्री तर त्याआधी तिथे कधीच आली नव्हती.

उरलेले तीस

उरलेले तीसही सभासद पुरुष, आणि त्यांत दुसरं कृष्णवर्णीय कोणी नाही. अशा ठिकाणी एकटीने काय करायचं? जॉर्डन यांनी आधी नियमांचं पुस्तक वाचून काढलं. तिथल्या सिनेटचा रिवाज असा होता की विधेयक चर्चेला घ्यायचं तर दोनतृतीयांश सभासदांची संमती लागते. ३१ चे दोनतृतीयांश म्हणजे २१. याचाच अर्थ अकरा जण ठाम राहिले तर कुठलंही विधेयक चर्चेलाच येऊ शकत नाही. मतदार नोंदणी अवघड करणारं एक विधेयक पुढे आलं तेव्हा त्यांनी भाषण ठोकलं नाही. एकेका सिनेटरकडे गेल्या, ज्याचं त्याचं देणंघेणं ओळखून बोलल्या, दहा जणांचा शब्द घेतला. अकराव्या त्या स्वतः. विधेयक तिथेच अडलं.

मला त्यांच्या कारकिर्दीतला हा प्रसंग निक्सनविरुद्धच्या भाषणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. बाहेर मोर्चे निघत होते, त्यांची गरज होतीच. पण सभागृहाच्या आत बेरीज जमवणारं कोणी नसेल तर मोर्चाची मागणी कागदावर उतरत नाही. जॉर्डन यांनी गोऱ्या सहकाऱ्यांशी मैत्री केली, त्यांच्या मेजवान्यांना गेल्या. त्यासाठी स्वतःच्या समाजातूनही बोलणी खाल्ली. टेक्ससचा पहिला किमान वेतनाचा कायदा आणि कामावर जखमी झालेल्यांच्या भरपाईत झालेली वाढ, या दोन्हींमागे त्यांची खटपट होती.

टीका एका बाबतीत सरळसोट झाली. १९७१ मध्ये नव्या जनगणनेनुसार मतदारसंघ आखायचे काम निघालं, आणि ते काम करणाऱ्या समितीत जॉर्डन होत्या. ह्यूस्टनमध्ये काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, एक नवा मतदारसंघ तयार झाला, अठरावा. तो त्यांना अगदी सोयीचा होता. मात्र त्यांची राज्य सिनेटमधली जुनी जागा अशी तुकड्यांत गेली की तिथे दुसरा कृष्णवर्णीय सिनेटर येणं अवघड झालं. कर्टिस ग्रेव्ह्ज या कृष्णवर्णीय आमदाराने उघड आरोप केला की स्वतःच्या बढतीसाठी यांनी समाजाची जागा विकली. १९७२ च्या प्रायमरीत ग्रेव्ह्ज त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि वाईट हरले. मतदारांनी कौल दिला, पण आरोपात काहीच तथ्य नव्हतं असं मला म्हणवत नाही. नकाशाने जिला दोनदा पाडलं तिला नकाशा हातात आल्यावर त्याचा उपयोगही कळत होता.

त्याच वर्षी १० जूनला त्यांना एका दिवसाचं राज्यपालपद मिळालं. सिनेटच्या हंगामी अध्यक्षाला हा मान द्यायचा टेक्ससचा रिवाज आहे. समारंभाला वडील आले होते. तिथेच त्यांना झटका आला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. मुलीला राज्याच्या खुर्चीत बसलेलं त्यांनी पाहिलं होतं.

नोव्हेंबर १९७२ मध्ये जॉर्डन काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, निवडून आल्या. दक्षिणेतल्या राज्यांतून तिथे पोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. कुठल्या समितीत जावं असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी सल्ला घेतला माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा. ते टेक्ससचेच, त्यांच्यावर माया करणारे. ते म्हणाले, न्यायविषयक समिती घे. आणि ती मिळावी म्हणून त्यांनी शब्दही टाकला. जानेवारी १९७३ मध्ये जॉर्डन यांचा शपथविधी झाला आणि त्याच महिन्यात जॉन्सन वारले. आपण किती योग्य जागा सुचवली हे बघायला ते राहिले नाहीत.

महाभियोग म्हणजे काय

न्यायाधीशांच्या संदर्भात आपल्या वाचनात हा शब्द येतो. अमेरिकेत तो राष्ट्राध्यक्षालाही लागू आहे आणि त्याचे दोन टप्पे आहेत. प्रतिनिधीगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवायचे. मग काँग्रेसच्या सिनेटने (राज्याच्या नव्हे) खटला चालवायचा आणि दोनतृतीयांश मतांनी दोषी ठरवलं तरच पद जातं. म्हणजे महाभियोग हे आरोपपत्र आहे, शिक्षा नाही. निम्मी गल्लत इथेच होते. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग झाला, पण सिनेटमध्ये एका मताने ते वाचले.

निक्सन यांचं प्रकरण असं. १७ जून १९७२ ला वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच जण घुसताना पकडले गेले. धागेदोरे निक्सन यांच्या प्रचारयंत्रणेपर्यंत पोचले. पुढची दोन वर्षं मुख्य प्रश्न चोरीचा राहिलाच नव्हता. ती दडपण्यासाठी राष्ट्राध्यक्षांनी आपली सत्ता वापरली का, हा प्रश्न होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये प्रतिनिधीगृहाने न्यायविषयक समितीला चौकशीचे अधिकार दिले. ३८ सभासद, अध्यक्ष पीटर रोडिनो. जॉर्डन पहिल्याच मुदतीतल्या, म्हणजे अगदी कनिष्ठ.

मतदानाआधी प्रत्येक सभासदाला पंधरा मिनिटं बोलायला मिळणार होती. २५ जुलैला रात्री जॉर्डन यांची पाळी आली. समोर कॅमेरे, मागे कर्मचाऱ्यांची गर्दी. आवाज खर्जातला, प्रत्येक अक्षर सुटं. राज्यघटनेची सुरुवात 'आम्ही लोक' अशी आहे, इथून त्यांनी सुरू केलं. १७ सप्टेंबर १७८७ ला ती घटना पुरी झाली तेव्हा त्या 'आम्ही'मध्ये मी नव्हते, असं त्या म्हणाल्या. जॉर्ज वॉशिंग्टन आणि अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्याकडून मी चुकून राहून गेले असेन असं पुष्कळ वर्षं वाटत होतं, पण घटनादुरुस्त्या, अर्थ लावण्याची प्रक्रिया आणि कोर्टाचे निकाल यांतून अखेर मी त्यात आले. घटनेवरचा माझा विश्वास पूर्ण आहे, आणि तिची मोडतोड होत असताना मी नुसती बघत बसणार नाही.

लोकांच्या लक्षात राहतं ते एवढंच. पण पंधरा मिनिटांतला मोठा भाग यापुढचा आहे आणि तो निखळ वकिली आहे. आधी त्यांनी महाभियोग कशासाठी आहे ते सांगितलं: कारभार पटत नाही म्हणून नाही, अधिकाराचा गंभीर गैरवापर झाला म्हणून. मग एक रचना घेतली. डाव्या हाताला घटनाकारांनी घालून दिलेला निकष, उजव्या हाताला समितीपुढे आलेला पुरावा. उदाहरणार्थ, जेम्स मॅडिसन व्हर्जिनियाच्या परिषदेत म्हणाले होते की राष्ट्राध्यक्षाचा एखाद्या संशयित माणसाशी संबंध असेल आणि तो त्याला पाठीशी घालेल असं मानायला जागा असेल, तर महाभियोग करता येतो. हा निकष. आता पुरावा: पकडलेल्या आरोपींना पैसे पोचवले गेले, आणि राष्ट्राध्यक्षांना ते ठाऊक होतं. पुढचा निकष, पुढचा पुरावा. शेवटचा निकष मॅडिसन यांचाच: घटना उलथवण्याचा प्रयत्न करणारा राष्ट्राध्यक्ष महाभियोगाला पात्र आहे. आणि पुरावा: सहकाऱ्यांना खोटी साक्ष द्यायला सांगणं, चोरट्या घुसखोरीवर पांघरूण घालणं, खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाला प्रलोभन दाखवायचा प्रयत्न.

निक्सन यांच्याबद्दल एकही शिवराळ शब्द नाही. शेवटी म्हणाल्या की घटनेतली महाभियोगाची तरतूद या गुन्ह्यांपर्यंतही पोचत नसेल, तर ती अठराव्या शतकातली घटना विसाव्या शतकातल्या कागद फाडायच्या यंत्रात टाकावी. ऐकणाऱ्याला उत्तर आपोआप सुचत होतं, आणि वकिलाने साक्षीपुरावा तसाच मांडायचा असतो.

२७ जुलैला न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा पहिला आरोप २७ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. निक्सन यांच्या पक्षाच्या सहा जणांनी त्याच्या बाजूने मत दिलं. पुढच्या तीन दिवसांत आणखी दोन आरोप संमत झाले. हे सगळं जॉर्डन यांच्या भाषणाने झालं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. भाषणाच्या आदल्याच दिवशी, २४ जुलैला, सुप्रीम कोर्टाने निक्सन यांना त्यांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती हवाली करायला सांगितलं होतं. त्यातली २३ जून १९७२ ची फीत ५ ऑगस्टला बाहेर आली आणि त्यांची उरलीसुरली बाजू कोसळली. ९ ऑगस्टला त्यांनी पद सोडलं, त्यामुळे महाभियोगावर पूर्ण प्रतिनिधीगृहाचं मतदान झालंच नाही. भाषणाने केलं ते असं की टीव्हीपुढे बसलेल्या सामान्य माणसाला हा पक्षांचा झगडा नसून घटनेतल्या एका कलमाचा प्रश्न आहे, हे उमगलं.

टेक्सससाठी एक वाक्य

प्रसिद्धी मिळाल्यावर जॉर्डन यांनी हाती घेतलेलं काम मात्र रुक्ष होतं, आणि परिणाम बघितला तर कदाचित सर्वांत मोठं. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात एक कडक तरतूद होती. ज्या राज्यांचा इतिहास वाईट आहे त्यांनी निवडणुकीचा कुठलाही नियम बदलण्याआधी, मग ते मतदान केंद्र हलवणं का असेना, वॉशिंग्टनची परवानगी घ्यायची. म्हणजे आधी अन्याय, मग वर्षानुवर्षं खटला, हा क्रम उलटा केला होता. वाईट इतिहास ठरवायची कसोटी होती मतदारांच्या साक्षरता परीक्षेसारखी 'चाचणी', आणि जोडीला निम्म्याहून कमी मतदान. टेक्ससमध्ये साक्षरता परीक्षा नव्हती, मतकर होता. त्यामुळे टेक्सस सुटलं होतं.

१९७५ मध्ये कायद्याची मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा जॉर्डन यांनी 'चाचणी'ची व्याख्याच रुंदावून घेण्यासाठी जोर लावला. जिथे मतदानाच्या वयाच्या नागरिकांपैकी पाच टक्क्यांहून जास्त लोक एका भाषिक अल्पसंख्य गटाचे आहेत आणि तरी मतपत्रिका फक्त इंग्रजीत छापल्या जातात, तिथे ती इंग्रजी मतपत्रिका हीच चाचणी मानायची. स्पॅनिश बोलणारे मेक्सिकन-अमेरिकन टेक्ससमध्ये मोठ्या संख्येने होते, त्यामुळे अख्खं टेक्सस एका व्याख्येने कायद्याखाली आलं. स्वतःच्या राज्याचे राज्यपाल विरोधात होते. व्याप वाढवला तर मूळ कायदाच धोक्यात येईल, अशी धास्ती नागरी हक्क चळवळीतल्या काही ज्येष्ठांनाही होती. तरी ते घडलं, आणि ऑगस्ट १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केली. त्याच कायद्यातल्या भाषिक तरतुदीमुळे आज न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात बंगालीत आणि शिकागोच्या कुक काउंटीत हिंदीत मतपत्रिका मिळते.

पूर्वपरवानगीची तरतूद २०१३ पर्यंत चालली. त्या वर्षी जूनमध्ये शेल्बी काउंटी खटल्यात सुप्रीम कोर्टाने राज्यं निवडण्याचं सूत्र कालबाह्य ठरवून रद्द केलं. काही तासांतच टेक्ससने मतदारांकडे ठरावीक ओळखपत्र मागणारा आपला अडलेला कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं.

१९७६ च्या जुलैमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मुख्य भाषणाचा मान जॉर्डन यांना मिळाला. तोवर तो कुठल्याही कृष्णवर्णीय स्त्रीला मिळाला नव्हता. त्यांना देशाचं अॅटर्नी जनरलपद, म्हणजे न्याय खात्याचं प्रमुखपद, हवं होतं, ते मिळालं नाही. १९७८ मध्ये त्यांनी निवडणूक न लढवायचं ठरवलं. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार १९७३ पासूनच मागे लागला होता, पण त्याबद्दल त्या बाहेर अवाक्षर बोलल्या नव्हत्या. पुढे आधी काठी आणि मग चाकाची खुर्ची आली. १९७९ पासून त्या ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात सार्वजनिक जीवनातली नीती शिकवू लागल्या. हेच ते विद्यापीठ, ज्याचे दरवाजे बंद राहावेत म्हणून त्यांचं स्वतःचं कॉलेज जन्माला घातलं गेलं होतं. त्यांच्या वर्गाला इतकी गर्दी व्हायची की प्रवेशासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागायच्या.

शेवटचं काम

राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना स्थलांतर धोरणाचा विचार करणाऱ्या आयोगाचं अध्यक्ष केलं. हा भाग अमेरिकेत नातलग असलेल्या मराठी घरांनी तरी वाचायलाच हवा. कारण १९९५ च्या अहवालात आयोगाने दरवर्षीच्या कायदेशीर स्थलांतराचा आकडा सुमारे साडेपाच लाखांपर्यंत खाली आणायला सांगितलं, आणि अमेरिकन नागरिकाला भाऊ-बहिणींना बोलावता येतं तो प्रकारच बंद करण्याची शिफारस केली. त्यामागचा विचार असा: पती-पत्नी आणि लहान मुलं यांना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवून दूरच्या नात्यांच्या रांगा चालवण्यात अर्थ नाही. काँग्रेसने १९९६ मध्ये ही कपात स्वीकारली नाही. भावंडांची रांग आजही आहे आणि भारतातून अर्ज केलेल्यांना तिच्यात पंधरा वर्षांहून जास्त थांबावं लागतं.

स्थलांतर कमी करा म्हणणारे आज जॉर्डन यांचा दाखला मोठ्या हौसेने देतात. तो खोटा नाही. ज्यांना येऊ द्यायचं त्यांना येऊ द्या, ज्यांना राहण्याचा हक्क नाही त्यांना परत पाठवा, हे त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं. पण दाखला अर्धाच दिला जातो. १३ डिसेंबर १९९५ ला त्या प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीच्या उपसमितीपुढे साक्षीला आल्या. ज्या समितीत त्यांनी ते भाषण केलं होतं, तिचीच ही उपसमिती. विषय होता, कागदपत्रं नसलेल्या आईबापांच्या, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व नाकारावं का. जॉर्डन यांचं उत्तर ठाम नकाराचं होतं. जन्माने मिळणारं नागरिकत्व काढून घेतलं तर अमेरिकन स्वातंत्र्याचं इंजिनच रुळावरून घसरेल, असं त्या म्हणाल्या. हे नागरिकत्व येतं चौदाव्या घटनादुरुस्तीतून, आणि ती दुरुस्ती गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना नागरिक म्हणून मान्य करण्यासाठी १८६८ मध्ये झाली होती. आपण 'आम्ही लोक'मध्ये घटनादुरुस्त्यांमधून आलो असं त्या म्हणाल्या होत्या, त्यातली ही सर्वांत मोठी. कोण आत यावं याचे नियम काँग्रेसने करावेत, पण जन्माने आत असलेल्या मुलाला बाहेर काढण्याचा अधिकार तिला नाही, अशी त्यांची मांडणी होती.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, १७ जानेवारी १९९६ ला, त्या ऑस्टिनमध्ये वारल्या. वय ५९. टेक्सस राज्याच्या स्मशानभूमीत पुरल्या गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशाने तोच प्रश्न पुन्हा कोर्टांपुढे आणला, आणि या वेळी त्या आदेशाच्या शब्दांत तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या आईबापांची, म्हणजे एच-१बी वर गेलेल्या पुण्या-मुंबईच्या जोडप्यांची मुलंही येतात.